जलघटीपासून बिजागरीपर्यंत : घरगुती तारकानुगामी यंत्रांचा इतिहास

पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे आकाशगोल मिनिटाला सुमारे १५ कला पश्चिमेकडे सरकताना दिसतो. डोळ्यांना ही गती जाणवत नाही. परंतु दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर बिंदूऐवजी रेघ उमटते. ही रेघ टाळण्यासाठी हौशी संशोधकांनी घडविलेल्या साधनांच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. खरी अडचण यंत्र फिरविण्याची नव्हती. ते योग्य गतीने व योग्य अक्षाभोवती फिरविण्याची होती.

न्यूयॉर्कजवळील हेस्टिंग्ज-ऑन-हडसन येथे हेन्री ड्रेपर ह्या वैद्यकाच्या पदवीधराने साडेपंधरा इंच व्यासाचा परावर्तक दूरदर्शक स्वतः बांधला. त्याचे वर्णन स्मिथसोनियन संस्थेने १८६४ साली प्रसिद्ध केले. चंद्राचे छायाचित्र घेताना अवजड दूरदर्शक फिरविण्याऐवजी त्यांनी केवळ काचेची चौकट सरकती ठेवली आणि तिला जलघटीने गती दिली. मात्र अंधुक अभ्रिकेसाठी संपूर्ण दूरदर्शकच फिरविणे भाग होते. ३० सप्टेंबर १८८० रोजी ड्रेपर यांनी ११ इंची दूरदर्शकातून ५१ मिनिटांत मृगातील अभ्रिकेचे पहिले छायाचित्र घेतले.

केवळ कॅमेऱ्याने विस्तृत आकाशक्षेत्र टिपावयाचे असेल, तर एवढ्या सरंजामाची गरज नाही, हे स्कॉटलंडमधील जी. वाय. हेग यांनी दाखविले. त्यांची रचना १९७५ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ ह्या अमेरिकन मासिकात आली. दोन फळ्या बिजागरीने जोडावयाच्या, बिजागरीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावयाचा, वरच्या फळीवर कॅमेरा बसवावयाचा आणि खालच्या फळीतील मळसूत्राने ती हळूहळू उचलावयाची, एवढेच तिचे स्वरूप. मळसूत्राच्या दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असल्यास ते बिजागरीपासून सुमारे २२८.५ मिलिमीटरवर बसवावे लागते. मग मिनिटाला एक फेरा पुरतो. तो हातानेही देता येतो; लहान मोटर लावल्यास हाताचा कंप टळतो.

परंतु सरळ मळसूत्र समान गतीने पुढे गेले, तरी फळीचा कोन समान गतीने वाढत नाही. दहा मिनिटांनंतर ही चूक सुमारे ६ विकला असते, तर वीस मिनिटांनंतर ४६ विकला. म्हणजे वेळ दुप्पट झाला की चूक आठपट होते. मोटर कितीही नियमित असली, तरी हा दोष भूमितीचाच आहे. त्यावर मळसूत्र वर्तुळकंसात वाकविण्याचा उपाय निघाला. डेव्ह ट्रॉट यांनी १९८८ साली त्याच मासिकात आणखी एक बाहू जोडलेली रचना मांडली व चूक पुष्कळच कमी केली. पुढे संगणकीय नियंत्रणामुळे मोटरीचीच गती क्रमाने बदलणे हौशी कारागिरालाही शक्य झाले.

अक्ष ध्रुवापासून ढळलेला असेल, तर ह्यांपैकी कोणताही उपाय पुरा पडत नाही. जलघटी असो वा संगणकचालित मोटर, यंत्राने केवळ गती दिली. चूक नेमकी कोठे उद्भवते हे ओळखण्याचे काम कारागिराच्याच गणिताने केले.