कल्याणहून नाणेघाटाकडे जाणारी वाट

कल्याणचा इतिहास सांगायला बसलं की बोलणं लगेच दुर्गाडीवर येतं. किल्ला कोणी बांधला, कोणी घेतला, कोणाकडून घेतला. या प्रश्नांची उत्तरं महत्त्वाची आहेत, पण त्यात राजे आणि फौजाच दिसतात. ज्यांच्या येण्याजाण्यामुळे कल्याण हे शहर झालं, ती माणसं दिसत नाहीत. ती पाहायची असतील तर किल्ल्याची पायरी सोडून शहराबाहेर पडणाऱ्या एका साध्या रस्त्यावर यावं लागतं.

हा रस्ता शहाडवरून निघतो. म्हारळ, वरप, कांबा ही गावं मागे टाकत रायत्याला उल्हास नदी ओलांडतो. मग गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि शेवटी घाटाच्या पायथ्याचं वैशाखरे. सगळं मिळून साठेक किलोमीटर. आज हा माळशेजमार्गे नगरला जाणारा महामार्ग आहे आणि कल्याणजवळ त्यावर ट्रकांची रीघ असते. मुरबाड मागे पडलं की गर्दी विरळ होते, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागतात आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. सायकलवाल्यांना हा रस्ता आवडतो, कारण वैशाखऱ्यापर्यंत दमवणारा चढ जवळजवळ नाही.

रस्ता असा सोपा असणं हा योगायोग नव्हे. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे ज्या दिशेने जात, तिथे चढ शक्य तितका टाळला जाई. बंदरावरून निघालेला माल नदीखोऱ्यातून सपाटीने न्यायचा आणि सह्याद्री एकदाच, नेमक्या खिंडीतून चढायचा, असा हा हिशेब. ती खिंड म्हणजे नाणेघाट. तो चढून गेलं की तीसेक किलोमीटरवर जुन्नर.

ही वाट किती जुनी आहे हे घाटमाथ्यावरची लेणी सांगते. तिथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांमध्ये दिलेल्या गाई आणि नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. 1828 मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी जगापुढे आणली, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेखांचा अभ्यास केला. जवळच दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं लोक सांगत आले आहेत.

मला मात्र राणीच्या लेखापेक्षा दुसरा एक छोटा लेख जास्त बोलका वाटतो. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या चैत्यगृहात दात्याचं नाव कोरलेलं आहे: सुलसदत्त, हेरणिकाचा मुलगा, राहणार कल्याण. हेरणिक म्हणजे सोन्याच्या व्यवहारातला माणूस. तो राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. कल्याणच्या एका माणसाने घाटापलीकडे दान दिलं आणि दगडावर आपल्या गावाचं नाव लिहिलं. कान्हेरीच्या लेण्यांतही कल्याणच्या दात्यांची नावं सापडतात.

याच बंदरात बाहेरची माणसंही येत होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे. तिथे आलेली ग्रीक जहाजं त्या काळी पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी त्यात तक्रार आहे. सहाव्या शतकातला कॉस्मस लिहितो की कल्याणला ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमला जातो. म्हणजे इस्लामचा उदय होण्याआधीच कल्याणला समुद्रापलीकडून आलेल्या धर्माची सवय होती. अरब व्यापारी आले ते याच सवयीच्या किनाऱ्यावर.

त्या येण्याची एक खूण आजही आपल्या नमाजात आहे, पण तिच्याकडे इतिहास म्हणून कोणी पाहत नाही. कल्याण-भिवंडीचे कोकणी मुसलमान शाफई आहेत. भटकळचे नवायत, केरळचे मापिला आणि इंडोनेशियातले मुसलमानही शाफईच. हा समुद्राच्या व्यापाराचा ठसा. घाट चढून जुन्नर, नगरकडे गेलं की बहुतेक मुसलमान हनफी. हा उत्तरेकडून जमिनीच्या वाटेने आलेल्या सल्तनतींचा ठसा. इस्लाम महाराष्ट्रात एका दिशेने, एकाच तलवारीच्या टोकावर आला असं सांगणाऱ्यांनी या दोन फिकहांचा नकाशा एकदा पाहावा. एक वाट गलबतांची, दुसरी घोड्यांची. नाणेघाटासारख्या खिंडींनी त्या दोन्ही जोडल्या.

राजवटीही याच वाटेने बदलल्या. 1490 मध्ये मलिक अहमदने जुन्नरला निजामशाही उभी केली. 1636 च्या तहानंतर कल्याण आदिलशाहीकडे गेलं आणि 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी ते जिंकलं. शेणाळे तळ्याकाठची काळी मशीद त्याच सतराव्या शतकातली. झेंडे बदलले तरी मीठ वर जात राहिलं आणि धान्य खाली येत राहिलं.

वाट ओस पडली ती लढाईने नव्हे. 1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला. 1 मे 1854 रोजी रेल्वे कल्याणला पोचली आणि 1863 मध्ये ती बोरघाट चढून गेली. नाणेघाटातून गाडी जात नव्हती, फक्त बैल आणि माणूस जात होता. तांडे थांबले, घाटातली वर्दळ संपली आणि कल्याण बंदराचं जंक्शन झालं.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याला अजूनही विचारला जातो, आणि आपण कधी वंशावळ काढतो, कधी गप्प बसतो. दोन्हीची गरज नाही. कल्याण हे वाटेवरचं गाव आहे. इथे खाडीतून किंवा घाटातून आलेल्यांचीच वस्ती झाली, हिंदूंची, बौद्धांची, ख्रिस्त्यांची आणि आपलीही.

थंडीत एखाद्या रविवारी पहाटे सायकल काढा. मुरबाडपर्यंत गेलात तरी पुरे. मुलांना बरोबर न्या. सुलसदत्ताची गोष्ट सांगा आणि तोही कल्याणचाच होता हे आवर्जून सांगा.