सामुदायिक इंटरनेट जाळे : ग्रामपंचायतीपासून पाड्यापर्यंतचे शेवटचे अंतर

गावाच्या मालकीचे आणि गावकऱ्यांनीच चालवलेले इंटरनेट जाळे म्हणजे सामुदायिक नेटवर्क. डोंगराळ, विरळ वस्तीच्या आदिवासी भागात ग्राहक कमी आणि टॉवरचा खर्च अधिक असल्याने दूरसंचार कंपन्या सहसा जात नाहीत. दुसरीकडे रेशन दुकानातील अंगठ्याची पडताळणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, रोजगार हमीची हजेरी ही कामे आता इंटरनेटवर अवलंबून आहेत.

केंद्राने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली गेलेली योजना सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्यासाठी आहे. मात्र पालघरसारख्या जिल्ह्यात एका ग्रामपंचायतीचे अनेक पाडे टेकड्यांआड विखुरलेले असतात. फायबर पंचायत कार्यालयापर्यंत आले, तरी पाडे जोडले जातातच असे नाही.

वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि कातकरी समाजांची वस्ती असलेल्या या जिल्ह्यात हे अंतर भरून काढण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्राममार्ग’ प्रकल्प राबवला. प्रथम खामलोली परिसरातील सात गावांत दूरचित्रवाणीसाठी राखीव, पण वापरात नसलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्याची चाचणी झाली. या लहरी झाडी आणि चढउतारांतूनही दूरवर पोहोचतात. परंतु त्यांना परवाना लागतो. त्यामुळे पुढे परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जाळे २५ गावांपर्यंत नेण्यात आले. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचा प्रथम पुरस्कार मिळाला.

सरकार, खासगी सेवापुरवठादार आणि पंचायत यांची भागीदारी हा या प्रारूपाचा कणा आहे. पंचायत पायाभूत सुविधेत गुंतवणूक करते, तर जोडणी देणे आणि देखभाल ही कामे स्थानिक तरुण उद्योजक करतो.

कर्नाटकात बंगळुरूच्या ‘जनस्तु’ संस्थेने तुमकुरूजवळील देवरायनदुर्ग येथे गावकऱ्यांसह वायफाय जाळे उभारले. त्यावर स्थानिकांचे ध्वनिमुद्रित कथन इंटरनेटविनाही ऐकता येते. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात मूलनिवासी गावांनी २०१३ पासून स्वतःची मोबाइल सेवा चालवली. २०१६ मध्ये त्यांना स्पेक्ट्रमचा अधिकृत हक्क मिळाला.

भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम परवानामुक्त झाला. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेमुळे छोट्या दुकानदारालाही परवान्याविना वायफाय सेवा देता येते. तथापि, वीजपुरवठा, बँडविड्थचा दर आणि दुरुस्ती हे प्रश्न उरतातच. यंत्र बंद पडल्यावर ते सुरू करणारा माणूस गावातच आहे की नाही, यावर असे जाळे टिकणे अवलंबून असते.