आडनावबंधू

कोकणातल्या आपल्या शिरोड्याच्या तालुक्याचं गाव वेंगुर्ला. तिथे डचांनी १६३७ साली वखार घातली, तिच्या पडक्या भिंती अजून दिसतात. त्या डचांच्या भाषेत एकाच नावाच्या दोघांना ‘नामखनोट’ म्हणतात. त्यातलं ‘नाम’ आपल्या ‘नामा’चं सख्खं भावंड, दोन्ही एकाच आदिम भाषेतून आलेली. ‘खनोट’ म्हणजे मुळात मालमत्तेतला वाटेकरी. पुढे मालमत्ता मागे पडून नुसतं सोबतीपण उरलं आणि समकालीन, देशबांधव, अगदी नवराबायको, सगळ्यांसाठीच्या डच शब्दांत हा ‘खनोट’ येऊन बसला.

आपण मात्र नातं जोडून मोकळे होतो: आडनावबंधू! ‘बन्ध्’ म्हणजे बांधणं, त्यावरून बंधू. पण हे आडनावबंधू बांधलेले असतात कशाने?

शिरोडकरांचंच घ्या. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावायची गरज नसते. पोटापाण्यासाठी बाहेर पडलेला माणूस नव्या ठिकाणी ‘शिरोड्याचा’ म्हणून ओळखला जातो आणि दोन पिढ्यांत शिरोडकर होतो. सोबत निघालेला शेजारी वेगळ्या ज्ञातीचा असला तरी तोही शिरोडकरच. म्हणून हे आडनाव अनेक ज्ञातींत सापडतं. रक्ताचा संबंध नाही. मागे सुटलेला गाव तेवढा समाईक.

तोही कधी कधी समाईक नसतो, कारण शिरोडे दोन आहेत. एक हे आपलं, मिठागरांचं, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं, वि. स. खांडेकर जिथे १९२० ते १९३८ मास्तर होते ते. दुसरं गोव्यात, फोंडा तालुक्यात. पोर्तुगीज छळाच्या काळात रायहून हलवलेली कामाक्षी तिथे आहे. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयमुखाला घालायचा ‘शिरोडकर टाका’ जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांना ठाऊक आहे. तो १९५५ साली मांडणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर या गोव्यातल्या शिरोड्याचे. आपल्या शिरोड्याहून मुंबईला गेलेले शिरोडकर त्यांचे आडनावबंधू ठरतात, गाववाले नव्हेत.

मला या शब्दातली माया आवडते, पण कोकणातली जुनी माणसं तेवढ्यावर विसंबत नाहीत, ते योग्यच. नवा शिरोडकर भेटला की पहिला प्रश्न येतो, “गाव खंयचो?” आणि उत्तर ‘शिरोडा’ आलं तरी दुसरा तयारच असतो: “कुळदेव खंयचो?” सोयरीक जुळवताना तर त्याच्या उत्तराशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत.