तिसरी भाषा : कुरुंदवाड, कानडी आणि इंग्रजी

इंग्रजीला आपल्याकडे संपर्कभाषा म्हणण्याचा प्रघात आहे. दोन भाषांची माणसे एकत्र आली की त्यांना तिसरी भाषा लागते आणि ती इंग्रजी, असे त्यामागचे गृहीतक. कुरुंदवाडच्या परिसराचा गेल्या दीड-दोनशे वर्षांचा इतिहास पाहू लागलो की हे गृहीतक आम्हांस जसेच्या तसे स्वीकारवत नाही. येथे मराठी आणि कानडी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. त्यांच्यात दुभाषी म्हणून इंग्रजीला कोणी बोलावले नव्हते. ती येथे आली ती निराळ्याच कामासाठी, आणि दोघींच्या मध्ये येऊन बसली ती फार उशिरा.

कुरुंदवाडपासून नदीपलीकडे, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नृसिंहवाडी आहे. तेथे ज्या ग्रंथाची अखंड पारायणे चालतात त्या ‘गुरुचरित्रा’चा कर्ता सरस्वती गंगाधर हा मूळचा कानडीभाषक. त्याने मराठीत ओवी लिहिली आणि त्या ओवीमध्ये कानडी पदांनाही जागा दिली. वाडीला येणाऱ्या कानडी यात्रेकरूला म्हणूनच ग्रंथ परका वाटत नाही. बाजारातला व्यवहारही याच धर्तीचा. एकाची मोडकी मराठी, दुसऱ्याची मोडकी कानडी, आणि सौदा मात्र पक्का. अण्णा आणि अक्का, तूप आणि अडकित्ता हे शब्द आपल्या घरात कधी आले याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण त्यांना दारावर कोणी अडवलेच नव्हते.

पटवर्धनांचे हे संस्थान मुळातच तुकड्यातुकड्यांचे. १८११ साली शेडबाळची वाटणी वेगळी झाली आणि १८५७ साली वारसाअभावी ती खालसा झाली. १८५५ साली कुरुंदवाडच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. १९०१ च्या शिरगणतीत थोरल्या पातीची लोकसंख्या ४२,४७४ आणि धाकटीची ३४,००३ भरली. मुलूख सलग नव्हता. त्यातली गावे कानडी प्रदेशातही विखुरलेली होती. रयत दोन भाषांची, दफ्तर मोडी लिपीतल्या मराठीचे, आणि इंग्रजी? तिचे स्थान या दोहोंच्या मध्ये नव्हते, वर होते. संस्थानिकाला ब्रिटिश सरकारच्या पोलिटिकल एजंटाशी बोलायचे असे, त्यासाठी ती हवी होती. दत्तकाची मंजुरी, वारसाचा तंटा, हद्दीचा वाद हे सारे जेथे सुटायचे तेथे इंग्रजी होती. दरबारातला इंग्रजी जाणणारा कारकून मराठी आणि कानडी रयतेत दुवा जोडत नव्हता. तो धनी आणि त्याचा धनी यांच्यामधली वाट राखत होता. आम्हांस हा फरक महत्त्वाचा वाटतो. संपर्क होता, पण तो खालून वर जाणारा होता, आडवा नव्हता.

कुरुंदवाडशी जोडलेला बहुभाषिक धंदा म्हटला तर तो सर्कशीचा. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी अश्वशिक्षक होते. १८८० च्या सुमारास त्यांनी भारतीय सर्कस उभी केली आणि तिला नाव दिले ते ‘ग्रेट इंडियन सर्कस’. मराठी अश्वविद्येचा जाणकार आपल्या धंद्याची पाटी इंग्रजीत रंगवतो, कारण त्याची स्पर्धा मुंबईत आलेल्या कियारिनीच्या युरोपीय सर्कशीशी आहे. पुढे मलबारातील तलश्शेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी त्यांचा संबंध आला, आणि तेथल्या तालमीत तयार झालेल्या कलावंतांनी भारतीय सर्कस भरून गेली. मराठी मालक आणि मल्याळी कसरतपटू यांचा हा संसार. तंबू आपला राहिला, पण रिंग, ट्रॅपीझ, रिंगमास्टर, जोकर हे शब्द इंग्रजीतून आले आणि सर्वांचे झाले. म्हणजे इंग्रजीने वस्तूंना नावे दिली. पण नावे देणे म्हणजे संभाषण नव्हे. (याच इंग्रजीने कुरुंदवाडवर एक अन्यायही केला आहे. इंग्रजी लेखांतून छत्र्यांचा धनी ‘कुर्डुवाडीचा राजा’ म्हणून फिरतो. कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्यातले रेल्वेचे जंक्शन. तेथे राजा कधी नव्हता.)

याच विष्णुपंतांनी ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना आश्रय दिला. खाँसाहेबांचे अखेरचे दिवस कुरुंदवाडात गेले आणि १९२२ साली ते तेथेच निवर्तले. त्यांच्या बंदिशी ना मराठी ना कानडी. तरीही दोन्ही भाषांचे कान त्या ऐकत होते. तिसरी भाषा म्हणजे इंग्रजीच, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१९४८ च्या मार्चमध्ये संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, शेडबाळ म्हैसूर राज्यात गेली आणि कुरुंदवाड मुंबई राज्यात, पुढे १९६० पासून महाराष्ट्रात राहिले. १९६३ साली तिकडे कन्नडचा आणि १९६४ साली इकडे मराठीचा राजभाषा कायदा झाला. दोन्ही कायदे आपापल्या जागी न्याय्य होते. मात्र ज्या मुलखात दोन भाषा एकाच ओट्यावर बसत होत्या, तेथे प्रत्येक कचेरीला आता एकच भाषा येऊ लागली. शेजाऱ्याची भाषा अर्धीमुर्धी बोलणे हे पूर्वी शहाणपण होते. पाटीवर, अर्जावर, सातबाऱ्यावर ती मागणे हा आता पक्ष झाला. या संशयाच्या वातावरणात जी दोघांचीही नव्हती ती इंग्रजी निःपक्षपाती ठरली. तिचे हे निःपक्षपातीपण तिच्या गुणांपेक्षा आपल्या भांडणाने तिला मिळवून दिले, असे आमचे मत आहे. मराठीच्या हक्कासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या न्यायालयाची भाषाही इंग्रजीच.

पाण्याची गोष्ट तर याहून थेट आहे. कृष्णेचे पाणीवाटप १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने ठरवले. नंतरच्या लवादाने २०१० साली अलमट्टी धरणाची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुमती दिली. दोन्ही निवाडे इंग्रजीत. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत शिरोळ तालुका पाण्याखाली गेला तेव्हा अलमट्टीच्या फुगवट्यावरून दोन राज्यांत वाद पेटला. त्या वादाचे आकडे मीटर, क्युसेक आणि टीएमसीचे होते. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांपैकी किती जणांना तो निवाडा वाचता आला असता? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट, एवढे येथे बहुतेकांना पाठ असते. त्याहूनही जुने माप वाडीच्या मंदिरात आहे. पुराचे पाणी पादुकांवरून वाहत जाऊन दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडले की ‘दक्षिणद्वार’ झाले म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नानासाठी भाविकांची रीघ लागते, मराठी आणि कानडी दोन्ही.