बीज, भूमी आणि सोबत

कर्करोगाने दगावणारे बहुतेक रुग्ण मूळ गाठीमुळे दगावत नाहीत. तो रोग शरीरात अन्यत्र पसरतो, म्हणून दगावतात. हा प्रसार कसा होतो, या शोधाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

१८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रक्त यकृताला पोहोचते तसे प्लीहेलाही. मग यकृतात नव्या गाठी पुष्कळ आणि प्लीहेत क्वचितच, असे का? बीज चहूकडे विखुरले, तरी मानवेल त्याच भूमीत ते रुजते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भूमीचे महत्त्व त्यामुळे कळले. बीजाच्या अंतरंगाचा उलगडा मात्र पुष्कळ उशिरा झाला.

१९७६ साली अमेरिकेतील पीटर नॉवेल यांनी असे प्रतिपादन केले की, एका पेशीपासून निघालेली गाठ वाढता वाढता भिन्न वंशांत विभागत जाते. पुढच्याच वर्षी आयझेया फिडलर व मार्गारेट क्रिपके यांनी उंदरातील मेलॅनोमा या कर्करोगाच्या पेशींपासून निरनिराळे वंश वाढविले. प्रसाराच्या शक्तीत त्या वंशांत मोठी तफावत आढळली. प्रसार हे मोजक्या बलिष्ठ पेशींचेच काम असावे, असे यावरून वाटणे स्वाभाविक होते.

परंतु बळ केवळ एकटीचे नव्हते. २०१४ साली पेनसिल्व्हेनियातील संशोधकांना उंदरांच्या स्तनात दोन वंशांच्या पेशींनी मिळून बनलेल्या गाठी आढळल्या. एक वंश विंट नावाचे वाढीचे संकेतद्रव्य निर्माण करी. दुसरा त्यावर अवलंबून असे. एकट्याने गाठ उभी करणे दोघांनाही जमेना. त्याच वर्षी बॉस्टन येथे रक्तात वाहणाऱ्या कर्कपेशींच्या पुंजक्यांचा अभ्यास झाला. हे पुंजके विरळ. पण नवी गाठ रुजविण्याची त्यांची शक्ती सुट्या पेशीच्या २३ ते ५० पट आढळली. ते रक्तात जुळत नाहीत, मूळ गाठीतूनच सोबतीने निघतात आणि प्लाकोग्लोबिन हे प्रथिन त्यांना एकत्र राहण्यास साहाय्य करते, असेही दिसले.

गाव करी ते राव न करी, ही म्हण येथे दुर्दैवाने रोगाच्या बाजूने उभी राहते. तथापि जेथे बळ, तेथेच वर्म असते. २०१९ साली बाझल येथील प्रयोगांत, काही औषधी द्रव्यांनी हे पुंजके सुटे होतात आणि उंदरांमधील प्रसार मंदावतो, असे आढळले. प्रत्येक पेशी मारणे दुष्कर असेल, तर त्यांची सोबत मोडणे हाही उपचाराचा एक मार्ग ठरू शकेल.