वाडा कौलांपासून पडतो

मे महिना सरत आला की पुण्याच्या पेठांतून महापालिकेची माणसं फिरू लागतात आणि कुठल्या ना कुठल्या दिंडी दरवाज्यावर कागद चिकटतो. इमारत धोकादायक आहे. रिकामी करा, दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या. महापालिका अधिनियमातलं हे कलम 264. आमच्या कसब्यातल्या वाड्यावर तो कागद लागला तेव्हा आत्या पंचाहत्तरीला टेकली होती. तिने चष्मा पुसून तो खालच्या सहीपर्यंत वाचला आणि म्हणाली, "धोका यांना आज दिसला होय! पडायचा तर एकसष्ट साली पडला असता हा."

आमच्या वाड्याचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. तो सांगितला गेला, आणि सांगणाऱ्या बहुतेक बायकाच. पुरुषांनी मागे ठेवले ते खटल्यांचे कागद.

सगळ्यात जुनी गोष्ट प्लेगची. ती आजीला तिच्या सासूबाईंनी सांगितलेली. 1897 साली त्या लहान मुलगी होत्या. गोरे सोजीर चौकात शिरले, माजघरापर्यंत बूट घालून गेले, कोणाच्या काखेत गाठ आहे का बघू लागले. ज्या घरात आजारी माणूस सापडे तिथलं सामानसुमान बाहेर निघे, भिंतींवर चुना फासला जाई. प्लेगच्या बंदोबस्तावरचा अधिकारी रँड, त्याचं नाव त्या म्हातारपणीही घेत नसत, "तो मेला" एवढंच म्हणत. त्याच सालच्या जूनमध्ये चापेकरांनी त्याला गोळ्या घातल्या हे सांगताना मात्र आवाज चढे. माझ्या मते पेठेतल्या घरांची सरकारी तपासणी सर्वसामान्यांना पहिल्यांदा कळली ती अशी. त्यामुळे असेल, पण आमच्या घरात "तपासायला आलेत" म्हटलं की अजूनही कोणीतरी नकळत दार लोटून घेतं.

पुराची गोष्ट आत्याची स्वतःची. 12 जुलै 1961. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून व्हायचं होतं. सकाळी ते फुटलं, आणि त्या लोंढ्याने खाली खडकवासल्यालाही खिंडार पाडलं. आत्या तेव्हा शाळेत जाणारी. सांगते, "सायकलवरून एकजण ओरडत गेला, धरण फुटलं, पळा. तर समोरचे बिऱ्हाडकरू म्हणाले, रोजचीच आवई आहे. त्यांनी चहा ठेवला होता. तो चहा तसाच राहिला." आजीने देवघरातले देव पदरात घेतले, कागदपत्रांची पत्र्याची ट्रंक आजोबांच्या डोक्यावर दिली आणि सगळे चढाकडे चालू लागले. वाडा नदीकडच्या उतारावर. पाणी आधी गटारातून उलटं वर आलं, मग रस्त्याने आलं. आत्याला सगळ्यात जास्त आठवतो तो वास. चिखलाचा, मेलेल्या जनावरांचा आणि भिजलेल्या धान्याचा. वीज गेलेली, त्यात अमावास्या. पोरं रात्रभर हाका मारत होती.

पाणी उतरल्यावर आजोबांबरोबर ती वाडा बघायला गेली. भिंती नव्हत्या. पेठेतल्या वाड्यांच्या आतल्या भिंती बहुतेक पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांच्या. पाणी बसल्यावर त्या विरघळून खाली बसल्या. पण दगडी जोतं जागेवर होतं, जोत्यावरचे तळखडे जागेवर होते, तळखड्यांवरचे सागाचे खांब, खांबांवरच्या तुळया आणि वरचा कडीपाट, सगळं जागच्या जागी. "खालच्या मजल्यातून आरपार नदी दिसत होती गं," आत्या सांगते, "आणि वर आमची वळणी तशीच, तिच्यावर आईचं लुगडं वाळत."

मी हे लहानपणी चमत्कार म्हणून ऐकायची. पुढे कळलं की त्यात चमत्कार काही नाही. वाड्याचा भार भिंतींवर नसतोच, तो लाकडी सांगाड्यावर असतो. भिंत म्हणजे नुसती भरण. ती गेली तर पुन्हा भरता येते. पुराच्या वेळच्या माणसांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी वाडा न पाडता भिंती पुन्हा बांधल्या. फक्त या वेळी भाजक्या विटा आणि सिमेंट वापरलं, कारण मातीवरचा विश्वास उडाला होता. आमच्याकडची काही बिऱ्हाडं मात्र परत आलीच नाहीत. पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरकडे गेली. जी राहिली त्यांना आडाचं आणि हौदाचं पाणी पुन्हा गोड लागू लागलं. खडकवासला रिकामा झालेला, नळ कोरडे. आजी म्हणायची, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेलं पाणी असं दोनशे वर्षांनी उपयोगी पडलं. कात्रजच्या तलावापासून जमिनीखालून बांधीव नळ, अधूनमधून हवा आणि सफाईसाठी उच्छ्वास, आणि पेठेत जागोजागी हौद, ही सगळी रचना उतारावर चालणारी. आज पाया खणताना कुठे कुठे तो नळ लागतो. किती वेळा तो गुपचूप बुजवला जातो ते बुजवणाऱ्यांनाच ठाऊक.

मग वाडा मोडकळीला आला कशाने? आत्याचं उत्तर एका वाक्याचं आहे: "कौलं चाळणं थांबलं."

वाडा कौलांपासून पडतो. दरवर्षी पाऊस लागायच्या आधी माणसं वर चढायची, फुटकी कौलं काढायची, सरकलेली नीट बसवायची, पन्हळीतला पालापाचोळा उपसायची. हा खर्च मालकाचा. आणि मालकाकडे पैसा कुठून यायचा? 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तीही 1 सप्टेंबर 1940 च्या दराला धरून. युद्धानंतरच्या टंचाईत तो कायदा न्याय्यच होता. नाहीतर निम्म्या बिऱ्हाडांना रस्त्यावर यावं लागलं असतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नास वर्षं राहिला. 1999 च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. आमच्याकडे दोन खणांच्या एका खोलीचं भाडं अठरा रुपये होतं. अठरावर चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे. बहात्तर पैशांत कौल येत नाही, कौलाचा तुकडाही येत नाही. बिऱ्हाडकरूंना वाटे की मालक मुद्दाम दुरुस्ती करत नाहीत, मालकांना वाटे की बिऱ्हाडकरू फुकट राहतात. दोघांचंही खरं होतं, आणि पाणी मधल्या मध्ये भिंतीत मुरत होतं.

नोटीस आल्यावर आम्ही एका जुन्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी हातोडीने तुळई ठोकायला मध्यापासून सुरुवात केली. खणखणीत आवाज. ठोकत ठोकत ते भिंतीकडे सरकले आणि शेवटच्या वीतभर अंतरात आवाज बदलला, बद्द झाला. तिथे त्यांनी पटाशी टेकवली. ती न दाबता आत गेली आणि ओलसर, तपकिरी भुसा खाली पडला. "ताई, लाकूड मेलेलं नाही. टोक मेलंय," ते म्हणाले. एकसष्टनंतर लावलेलं सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. कौलातून उतरलेलं पाणी तुळईच्या टोकाशी साचून राहतं. कच्च्या विटांतून ते निदान वाळून तरी जात असे. दीड हात टोक कापायचं, नवा साग सांधायचा, खाली टेकू द्यायचा, भिंतीचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा. मामांनी हिशेब मांडला, तो नव्या फ्लॅटच्या एका खोलीच्या किमतीच्या आसपासही नव्हता.

त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आला. त्याच्या छापील तक्त्यात काँक्रीटची ताकद, सळईचा गंज, स्लॅबची गळती असे रकाने होते. लाकडाचा रकानाच नव्हता. मामांनी ज्या टोकावर बोट ठेवलं त्याचा उल्लेख कुठेच नाही. शेरा मात्र होता: अतिधोकादायक. माझी खरी तक्रार इथे आहे. वाडा राखावा की पाडावा यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं खूप आहे. पण जो तक्ता काँक्रीटसाठी केला, त्यावर लाकडी सांगाड्याला नापास करणं हा परीक्षेतला अन्याय आहे.

वारसा जपण्याची यंत्रणा नाही असं नाही. महापालिकेची वारसा यादी आहे, तीत सुमारे अडीचशे वास्तू तीन श्रेणींत आहेत, सल्ला देणारी समिती आहे. पहिल्या श्रेणीला जवळपास हात लावायचा नाही, दुसरीत आतून जपून बदल, तिसरीत बरीच मोकळीक. यादीतल्या मालकाला बांधकामाचा हक्क सोडावा लागला तर टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळू शकतो. जिथे सार्वजनिक पैसा लागतो तिथे काय होऊ शकतं ते विश्रामबागवाड्याच्या सुरूदार खांबांकडे पाहिलं की कळतं. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. 1821 साली इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली, 1879 साली तो आगीत होरपळला, पुढे बरीच वर्षं नगरपालिकेचा कारभार तिथून चालला, आणि अजून उभा आहे. प्रश्न यादीबाहेरच्या, नाव नसलेल्या वाड्यांचा आहे. आमच्यासारख्यांचा.

त्यातही शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांचं दुखणं निराळंच. केंद्र सरकारने पुरातत्त्व कायद्यात 2010 साली दुरुस्ती केली. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगीची अट. आतल्या टापूत जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीने. स्मारकांना खेटून बांधकामं उठत होती, म्हणून कायदा कडक झाला. ते समजू शकतं. पण शनिवारवाड्याच्या तटाआत आज वाडा नाही. 1732 मध्ये वास्तुशांत झाली, 1828 च्या आगीत आतलं सगळं गेलं. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचे हौद. म्हणजे ज्या वाड्यात लाकूड उरलेलं नाही त्याच्या रक्षणासाठी, ज्या वाड्यांत अजून लाकूड आणि माणसं आहेत ते कुजत ठेवायचे. शेजारच्या आळीतल्या एका काकूंनी हे माझ्याहून नेमकं सांगितलं. "पेशवे होते तेव्हाही त्यांच्या शेजारी आमची घरं होतीच की. त्यांना अडचण नव्हती."

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे आणि मला अजूनही त्याचा निवाडा करता येत नाही. बुधवार पेठेतला भिडे वाडा. 1 जानेवारी 1848 ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. वाड्याचं स्मारक व्हावं म्हणून वर्षानुवर्षं लढा चालला, भाडेकरू न्यायालयात गेले, 2023 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात तो वाद संपला. आणि डिसेंबरात एका रात्रीत वाडा उतरवला गेला. वास्तू फार खिळखिळी झाली होती हे खरं, नवं स्मारक व्हायलाच हवं हेही खरं. पण ज्या भिंतींत त्या मुली बसल्या त्या गेल्या. इतकी वर्षं वादात न जाता डागडुजीत गेली असती तर निवड करायची वेळच आली नसती, असं मला वाटतं.

आमचं सांगायचं तर आम्ही वाडा उतरवायचं ठरवलं. याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. बिऱ्हाडकरूंची म्हातारी माणसं सार्वजनिक संडासासमोर रांगेत उभी राहतात, त्यांनी संडास घरात मागितला तर "वारसा" हा शब्द तोंडातून काढायला धीर होत नाही. एक गोष्ट मात्र अडून करून घेतली. एकही कौल काढण्याआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून सगळ्या वाड्याची मोजणी करून घेतली. जोत्यापासून आढ्यापर्यंत, खण न खण. आत्या चौकात खुर्ची टाकून बसली होती. पोरं फीत धरून आकडे सांगत, ती त्या आकड्यांना माणसं जोडत. हा कोनाडा बाळंतिणीच्या दिव्याचा. या खांबावर पुराच्या पाण्याची रेघ होती, नंतर कोणी रंग दिला. ही खोली विधवा काकूंची, तिला मुद्दाम खिडकी नाही. शेवटचं वाक्य ऐकून फीत धरणारी मुलगी थांबली. नकाशावर तिथे तिने नुसतं "खिडकी नाही" असं लिहिलं. माझ्या मते त्या नकाशातली ती सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी तीही वाचावी.

लाकूड पाडकामाच्या ठेकेदाराने विकत घेतलं. पेठांत ही रीतच आहे. जुन्या सागाला भाव इतका की वाडा उतरवायला मालकाने पैसे द्यायचे नसतात, उलट घ्यायचे असतात. ज्या तुळया अहवालात अतिधोकादायक होत्या, त्यांच्यासाठी दोन ठेकेदारांनी एकमेकांवर चढती बोली लावली.

महापालिकेकडे माझं मागणं मोठं नाही. वाडा उतरवायची परवानगी देताना मोजणीचे नकाशे आणि छायाचित्रं जमा करणं सक्तीचं करा. झाड तोडताना नोंद लागते, तर दोनशे वर्षांच्या घरासाठीही लागावी. धोकादायक ठरवणाऱ्या तक्त्यात लाकडाचा रकाना घाला, आणि तो भरताना एका सुताराला बरोबर न्या. जे वाडे अजून उभे आहेत त्यांच्या कौलांसाठी दर उन्हाळ्यात थोडी मदत द्या. पाडापाडीच्या बंदोबस्ताहून ती स्वस्त पडेल. आणि ज्यांच्या दारावर यंदा कागद लागला आहे त्यांनी वकिलाकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला चौकात खुर्ची द्यावी, हातात वही घ्यावी आणि ती सांगेल ते लिहून घ्यावं.