दीपगृहातलं मांजर

गेल्या शनिवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला तर काहीतरी मऊ लागलं. अर्धवट झोपेत वाटलं मोजा असेल. चष्मा लावून बघतो तर पायपुसण्यावर बुलबुल. मेलेला. शेजारी आमची मनी, शेपटी पायांभोवती नीट गुंडाळून बसलेली, चेहऱ्यावर 'बघ, आणलं की नाही?' असा भाव.

बायको म्हणाली, "तुझ्यासाठी गिफ्ट आहे. तिला कळलंय, तुला शिकार जमत नाही." अप्रेझलचा निकाल आदल्याच दिवशी लागला होता, त्यामुळे मी वाद घातला नाही. :-)

बुलबुल कागदात गुंडाळून खाली झाडापाशी पुरला. पण दिवसभर तो काही डोक्यातून जाईना. दोन वेळचं कॅटफूड, वर माझ्या वाटीतलं दही, आणि तरी ही बया शिकार करते कशाला? बरं करते ती करते, घरी का आणते? नेटवर वाचत बसलो आणि वाचता वाचता पोचलो न्यूझीलंडच्या एका बेटावर, थेट १८९४ सालात. आजची गोष्ट तिथली.

न्यूझीलंडच्या उत्तर आणि दक्षिण बेटांच्या मध्ये कुकची सामुद्रधुनी आहे. तिथे स्टीफन्स नावाचं एक लहानसं डोंगराळ बेट आहे. माओरी लोक त्याला ताकापोउरेवा म्हणतात. क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या आयटी पार्कएवढं. जहाजांच्या सोयीसाठी तिथे दीपगृह बांधलं गेलं आणि २९ जानेवारी १८९४ ला त्याचा दिवा पहिल्यांदा लागला. दिव्याबरोबर रखवालदार आले, त्यांची बायकापोरं आली, गुरंढोरं आली. आणि मांजरं आली.

आता हे नीट समजायला हवं, की न्यूझीलंडमध्ये माणूस येण्याआधी वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. उंदीर नाही, मुंगूस नाही, आणि अर्थातच वाघ किंवा त्याची मावशीही नाही. त्यामुळे तिथल्या कित्येक पक्ष्यांनी उडण्याची भानगडच सोडून दिली होती. या बेटावरही असाच एक पक्षी होता. चिमणीहून लहान, आखूड शेपटीचा, तपकिरी. उडायचं सोडून तो खडकांमधून उंदरासारखा तुरुतुरु पळायचा. त्याचं अस्तित्व विज्ञानाला माहीतच नव्हतं.

ते माहीत करून दिलं मांजरानं. डेव्हिड लायल हा तिथला साहाय्यक रखवालदार. त्याला पक्ष्यांची आवड होती. त्या वर्षी एक मांजर हे पक्षी मारून घरी आणायला लागलं. लायलला ते वेगळे वाटले, म्हणून त्यानं ते जपून ठेवले. बेटावर सामान पोचवणाऱ्या 'हिनेमोआ' या सरकारी आगबोटीवर बेथ्यून नावाचे इंजिनियर होते (आमचा जातभाई!). त्यांच्या हाती एक नमुना वॉल्टर बुलर या नामांकित पक्षितज्ज्ञाकडे गेला. बुलरनी ओळखलं, की ही नवीच जात आहे. त्यांनी नमुना चित्र काढण्यासाठी लंडनला पाठवला आणि स्वतः वर्णन लिहायला घेतलं.

इथे दुसरी शिकार सुरू झाली. हेन्री ट्रॅव्हर्स नावाचा नमुन्यांचा व्यापारी होता. त्यानं लायलकडून बरेच पक्षी मिळवले आणि त्यातले नऊ विकले इंग्लंडच्या वॉल्टर रॉथशिल्डना. हे बँकवाल्या रॉथशिल्ड घराण्यातले, पैशाला तोटा नाही, आणि जगभरचे प्राणी-पक्षी गोळा करायचं वेड. त्यांनी डिसेंबर १८९४ मध्ये वर्णन छापून टाकलं. बुलरचं वर्णन आलं एप्रिल १८९५ मध्ये. आधी छापेल त्याचं नाव चालतं, त्यामुळे पक्षी झाला 'ट्रॅव्हर्सिया लायली'. नावात व्यापारी आहे, रखवालदार आहे. मांजर नाही.

बरं, या दोन वर्णनांच्या मध्ये काय घडलं? १६ मार्च १८९५ ला क्राइस्टचर्चच्या 'द प्रेस' या वर्तमानपत्रानं लिहिलं, की हा पक्षी आता बेटावर सापडत नाही, बहुतेक नामशेष झाला असावा. म्हणजे बुलर आणि रॉथशिल्ड नावावरून भांडत होते तोपर्यंत ज्याचं नाव ठेवायचं तोच संपत आला होता. स्वतः लायलनं तो जिवंत पाहिला फक्त दोनदा. आज जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे पंधराएक नमुने आहेत. बस्स, तेवढाच उरलाय.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी "एका मांजरानं अख्खी जात संपवली" अशी सांगतात. मांजराला टिबल्स असं गोंडस नावही नंतर चिकटलं. ऐकायला झकास, पण अर्धवट. २००४ मध्ये रॉस गॅलब्रेथ आणि डेरेक ब्राऊन या दोघांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून याचा छडा लावला. मांजर एक नव्हतंच. बेटावर मांजरांची वीण वाढली, ती रानटी झाली. १८९९ मध्ये आलेल्या नव्या रखवालदारानं शंभरावर मांजरं गोळ्या घालून मारली, तरी बेट मांजरमुक्त व्हायला १९२५ साल उजाडलं. आणखी एक. हा पक्षी मुळात फक्त या बेटाचा नव्हताच. न्यूझीलंडच्या दोन्ही मुख्य बेटांवर त्याची जुनी हाडं सापडली आहेत. सुमारे सातशे वर्षांपूर्वी पॉलिनेशियातून माणसं आली, त्यांच्या होड्यांमधून उंदीर आले, आणि तिथून तो संपत गेला. या बेटावर उंदीर पोचले नाहीत म्हणून तो तिथे तगला. ते त्याचं शेवटचं घर होतं, आणि आपण तिथे दिवा लावला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोट भरलेलं असताना मांजर शिकार का करतं? १९७६ मध्ये एका संशोधकानं मांजरं आवडीचं खाणं खात असताना समोर उंदीर सोडून पाहिला. मांजरांनी खाणं सोडलं, उंदीर मारला आणि परत येऊन आधीचंच खाणं सुरू केलं. म्हणजे भूक आणि शिकार ही दोन वेगळी सर्किट्स आहेत. आणि त्यात तथ्य आहे. रानमांजराला दिवसात कित्येक उंदीर लागतात आणि बरेचसे हल्ले फसतात. भूक लागेपर्यंत थांबलं तर उपासमार ठरलेली. संधी दिसली की झडप, हाच नियम.

हा नियम आपण कधी बदललाही नाही. सायप्रसमध्ये सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, त्यात माणसाच्या जवळच मांजर पुरलेलं आहे. म्हणजे संगत तितकी जुनी. पण कुत्र्याला आपण राखणीसाठी, मेंढ्या वळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवत गेलो. मांजर ठेवलं ते कोठारातले आणि जहाजावरचे उंदीर मारायला. जे काम हवं होतं ते तिला आधीच येत होतं. म्हणजे ज्याला आज आपण बग म्हणतो, ते मूळ फीचर होतं!

घरी का आणते? आई-मांजर पिल्लांना आधी मेलेली, मग अर्धमेली, मग जिवंत शिकार आणून देते. त्यावरून 'ती आपल्याला शिकवते' ही थिअरी निघाली. पण बोकेही शिकार घरी आणतात, आणि ते पिल्लांना काही शिकवत नाहीत. त्यापेक्षा साधं उत्तर मला पटतं. घर ही तिची सगळ्यात सुरक्षित जागा. खायचं निवांत खावं म्हणून ती तिथे आणते, आणि आल्यावर दिसतं की वाटीतलं जास्त चविष्ट आहे. मग बुलबुल पायपुसण्यावर. तो माझ्यासाठी नव्हताच. मी फक्त तिच्या घरात राहतो.

पण मला खरा धक्का दिला एका आकड्यानं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरात ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. मारलेल्या शिकारीपैकी घरी आली फक्त २३ टक्के. ४९ टक्के जागीच टाकली, २८ टक्के खाल्ली. आमच्या भाषेत, घरी येते ती शिकार म्हणजे लॉग. आणि लॉगमध्ये दिसलं तेवढंच घडलं असं मानणारा माणूस प्रॉडक्शनवर फार दिवस टिकत नाही. लायलच्या हातात आलेले पक्षी म्हणजेही असाच लॉग. बेटावर प्रत्यक्ष किती मेले त्याची नोंदच नाही. मनीनं या वर्षात मला तीन पक्षी 'दिले'. बाकीच्यांचा हिशेब मी आजवर केलाच नव्हता.

बुलबुल काही पुण्यातून संपणार नाहीत, मान्य. मनीला दोष देण्यातही अर्थ नाही, तिला घरी आणलं मी. दार उघडं ठेवलं मी. त्या बेटावरही मांजरं पोहत गेली नव्हती.

मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी का? तर याचाही अभ्यास झालाय! :-) इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये करून बघितलं. घंटेनं काही फरक पडला नाही. भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी.

म्हणून गेल्या आठवड्यापासून रात्री खिडकी बंद. झोपण्याआधी दहा मिनिटं मी दोरीला पिसं बांधून हॉलभर पळतो आणि मनी माझी शिकार करते. पहाटे पाचला ती खिडकीपाशी बसून जीव खाऊन ओरडते. झोपेचं खोबरं झालंय. पण ती ओरडते तेव्हा बाहेर तारेवर बुलबुल बोलत असतात. सध्या तरी एवढं पुरे.